कावळ्याच्या जागी गणपती

१२ मार्च
मिलिंदचा फोन. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून ‘काकू, काकू’ करतो आणि ऐकत काहीच नाही. माझा मित्र रेमंड, मूळचा अलास्कातल्या आदिवासींपैकी; त्याने कोरलेला टोटेमचा खांब, घराण्याची प्राणीचिन्हं एकावर एक असलेला, मंडळातर्फे माझ्या नाशिकच्या कॉन्व्हेंटला जायचा आहे. हे जुळवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. आता म्हणतो, “वरचा कावळा काढता येईल का? शाळेच्या आवारात पिंडाला बसल्यासारखा दिसेल. त्याच्याऐवजी बाप्पा घेऊ. लोक कनेक्ट होतील.”
म्हटलं, तो डोमकावळा रेमंडच्या आईच्या घराण्याचं चिन्ह आहे.
“हो, पण शेवटी डिझाइनच ना, काकू.”
फोन ठेवला. चहा उतू गेलेला.

१५ मार्च
रेमंडच्या शेडमध्ये. सीडरच्या लाकडाच्या ढलप्यांचा वास. शाळेत खिडकीशी उभ्या राहून पेन्सिलींना टोकं काढायचो, थेट तोच. क्षणभर निळा पिनाफोर अंगावर आला.
मग सांगितलं. त्यानं हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. म्हणाला, “तुझा देव कोरायचा हक्क मला कुणी दिला?” कावळ्यासाठी त्यानं अलास्कात मावशीला विचारलं होतं. ती हो म्हणाली, म्हणून खांब परदेशी जातोय. नाहीतर नाही.
गेल्या गणपतीत हाच माणूस विसर्जनाला तळ्याकाठी उभा होता. म्हणाला होता, “आम्हीही खांब पडू देतो. डागडुजी करत नाही.” त्याला आपलं कळतं. आपल्याला...

२ एप्रिल
मिलिंद म्हणाला, “काकू, तुमचंच खरं. गणपती कॅन्सल केला.” बरं वाटलं. बेसनाचे लाडू पाठवले त्याच्याकडे.

१९ एप्रिल
लाडू पाठवले. मूर्ख मी.
माझ्या सायलीने मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो दाखवला. नाशिकजवळच्या कुठल्याशा कारखान्यात फायबरचा खांब तयार. खाली रेमंडचं अस्वल, मधे रेमंडचा देवमासा, भुवईच्या वळणासकट. वर सोनेरी गणपती. फोटोखाली मिलिंद लिहितो, शिपिंगची कटकट वाचली.
“मॉम, डिड ही ईव्हन आस्क?” लेकीला कळलं. इथे जन्मलेल्या.
लगेच फोन केला. “काकू, गणपतीचा साचा काढताना आपण कुणाला विचारतो का? आणि पाटीवर रेमंडचं नाव टाकतोय की.”
ज्यांवरून ही नक्कल केली ते शेडमधले फोटो यानं काढले, त्या दिवशी रेमंडनं त्याला सॅमन मासा भाजून घातला होता. हा बोटं चाटत होता.
इंग्रजीत बोलले त्याच्याशी. राग आला की सिस्टरांचंच इंग्रजी येतं तोंडात.

२१ एप्रिल
रेमंडला सांगायला गेले. फोटो बराच वेळ बघितला. मग खऱ्या खांबावर ताडपत्री ओढली, पोराला पांघरूण घालावं तशी. मी सॉरी, सॉरी म्हणत राहिले.
“सॉरी नको,” म्हणाला. “आमच्याकडे खांब उभा करताना येणारे नुसते पाहुणे नसतात. जेवू घालतो म्हणजे साक्षीदार करतो. पुढे कुणी खोटं सांगितलं तर त्यांनी उठून खरं सांगायचं. तू इथे किती वेळा जेवलीस?”
घरी येऊन भाताकडे बघत बसले.

३ मे
तिकीट काढलं. जूनमध्ये शाळा उघडली की त्या फायबरच्या खांबाचं अनावरण. आताच्या प्रिन्सिपल सिस्टरांचा निरोप, “आमची मुलगी घरी येतेय.” वाचून रडले. त्या आवारात मी आजवर आवाज चढवलेला नाही.
सायली म्हणते, “डोन्ट मेक अ सीन, मॉम. तुझी शाळा आहे ती.” तेच तर.
दुपारी मिलिंदचा फोन. मागचं सगळं विसरल्यासारखा. “काकू, माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलाल ना? छोटंसं, गोड.”
बोलेन, म्हटलं.
संध्याकाळी रेमंडकडे. त्यानं पानात मासा वाढला. मी संपवला, आणि पुन्हा मागून घेतला.