फ्रिजचा प्लग

२० एप्रिल, सकाळी ७
आजपासून घरात बचत. माझे कान तिखट. यवतच्या माझ्या पंक्चरच्या दुकानात गाडी आली की चाक न बघता हवा कमी कुठं ते सांगतो. घरातला विजेचा चोरही कानानंच धरला : फ्रिज. दिवसरात्र घुं घुं. प्लग काढला. बायकोला, सुवर्णाला म्हणालो, आपल्या आज्यानं कुठं फ्रिज पाहिला होता? ती म्हणाली, “आज्याला शुगर नव्हती.” बायकांना विषय सोडून बोलायची खोड. आईचं इन्सुलिन देवळीत ठेवलं. भिंत गार असते.

२२ एप्रिल
दूध नासलं. वाया काही घालवायचं नाही, म्हणून पनीर करायला सांगितलं. सुवर्णा म्हणाली, “तुम्हीच खावा.” खाल्लं.

२३ एप्रिल
दुकान बंद. पोट. पनीरचा संबंध नाही, ऊन फार.

२६ एप्रिल
आता दूध नासत नाही. सवयीनं सगळं जमतं. सुवर्णा पातेलं शेजारी ठेवून येते. शेजारी म्हणजे बाळासो, माझा धाकटा भाऊ. वाटणीत मध्ये भिंत घातली तेव्हापासून, सहा वर्षं, बोलणं नाही. वाढू दे त्याचं बिल.

३० एप्रिल
आईला चक्कर. शुगर साडेतीनशे. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन कुठं ठेवता? देवळी सांगितली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. विजेचा एवढा विचार करणारा माणूस त्यांना भेटला नसावा.

२ मे
आई बाळासोकडं राहायला गेली. नवं इन्सुलिन त्याच्या फ्रिजात. जाताना म्हणाली, “तुझं युनिट वाचू दे बाबा, मी बी वाचते जरा.” सुवर्णा म्हणाली, “अहो, प्लग लावा. आत्याबाई आज येतील माघारी.” लावला असता. पण ग्रामसभेत सगळ्यांसमोर बोलून बसलोय, बिल निम्म्यावर आणून दाखवतो म्हणून. चार दिवसांत आई स्वतःच येईल.

६ मे
सुवर्णाही तिकडंच. आईचं बघायला कुणीतरी हवं. मुक्कामही तिथंच. इकडं तीन दिवसांत दोन युनिट! गावात कुणाला जमेल?

१० मे, दुपारी १
पंखा बंद ठेवला की भिंतीपलीकडचं स्वच्छ ऐकू येतं. ताटं वाजली. सुवर्णा हसली. आमच्या घरात शेवटची कधी हसली, आठवेना. मग आईचा आवाज : “त्यो जेवला का रं?” बाळासो म्हणाला, “इच्यारायला जायचं कुणी?”

दुपारी २
बाळासो दारात. हातात झाकलेलं ताट. सहा वर्षांनी पहिलं वाक्य : “दादा, उरलंय. वाया जाईल म्हणून आणलं.” माझाच नियम. नाही कसं म्हणणार? ताट ठेवून गेला, आत आला नाही.

पोळी, कुरडई, आमरस. आमरस थंडगार होता. वाटी पुसून खाल्ली.

दुपारी ३
प्लग लावला. घुं घुं सुरू झालं. दार उघडून बराच वेळ उभा राहिलो. आत ठेवायला घरात काही नव्हतं.