वळणात पाय काढू नकोस

प्रिय धाकट्या,

पत्र बघून तू आधी हसशील. दोन गल्ल्या सोडून राहणारी बहीण पत्र कसलं लिहिते, फोन बिघडला की काय, असं बायकोला विचारशील. फोन बरा आहे. काल त्याच फोनवर तुझ्या लेकीने, भुंगाने, मला सांगितलं की रविवारी तिच्या दहाव्या वाढदिवसाला तू तिला लाल गाडीतून तलावाच्या रस्त्याने नेणार आहेस, पुढच्या सीटवर बसवून. मागून तुझा आवाज आला, "आत्याला सांग, आता बाबा शंका यायच्या आधीच पाय काढतो!" तुम्ही दोघं हसलात. मी फोन ठेवला आणि कागद शोधायला लागले. हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराखालून सरकवणार आहे, म्हणजे रविवारच्या आत मिळाल्याची खात्री राहील. पूर्ण वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस.

गाडी आणलीस त्या दिवसापासून मला तिची भीती वाटते. पण ती भलत्याच गोष्टीची होती. मला वाटायचं, तीनशे घोड्यांचं इंजिन, कधीतरी हिसका देऊन उधळणार. तुझे मित्र मला समजवायचे. टायर इतके रुंद आहेत की पावसातही रस्ता सोडणार नाहीत. इंजिन मागे आहे, म्हणजे मागच्या चाकांवर वजन, म्हणजे पकड पक्की. सगळ्यांना सगळं माहीत होतं. आईने तेवढं विचारलं होतं, आठवतं? "इंजिन मागे, म्हणजे ही गाडी ढकलत नेतात का रे?" तू म्हणालास, "हो आई, ढकलत." "आणि ढकलणाऱ्याने मध्येच हात काढला तर?" आपण पोट धरून हसलो. आई रागावून आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तू गाडी माझ्या ऑफिसात आणलीस. बहीण वजनमापे तपासते म्हणून हक्काने ट्रकच्या काट्यावर चढवलीस, आधी पुढची चाकं, मग मागची. पुढे पाचशे चाळीस किलो, मागे आठशे साठ. आमचा शिपाई म्हणाला, "मॅडम, भावाला सांगा, मागे कुणाला बसवू नका, गाडी उताणी पडेल!" मी आकडे डायरीत टिपले आणि पुढे लिहिलं, 'भार मागे, म्हणून सुरक्षित.' वीस वर्षं मी वजनं तपासते आणि हे लिहिलं. माझ्या काट्यावर गाड्या उभ्या असतात, म्हणून वजनही एका जागी बसून राहतं असं मी धरून चालले.

तुला गाडी चालवायला मीच शिकवलं. तू अठरा वर्षांचा, मी चोवीसची, बाबांची जुनी पांढरी गाडी आणि शीतगृहामागचं पटांगण. तू स्टिअरिंगला असा लटकायचास की बाबा म्हणायचे, गाडी चालवतोय की झाडावर चढतोय? तेव्हा मी तुला एकच नियम दिला. शंका आली की पाय काढ. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचल, गाडी आपोआप शहाणी होते. त्या गाडीपुरतं ते खरं होतं. तिचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढे. पाय काढला की ती नाक आत घेऊन निमूट वळायची. तू चुकलास की मी ओरडायचे, "पाय!" आणि तुझा पाय उचलला जायचा. तुझं डोकं नंतर विचार करायचं. वीस वर्षं झाली, मी शेजारी असले की अजून तसंच होतं. परवा जिन्यावर मी सहज म्हटलं, "पाय बघ," तर तू एक पायरी मागे सरलास.

आता त्या दिवसाचं. महिना होत आला. सकाळ, ओला रस्ता, तू चालवतोयस, मी शेजारी, तलावाच्या भिंतीआधीचं ते आत आवळत जाणारं वळण. आपण गरकन फिरलो आणि ज्या दिशेने आलो तिकडेच तोंड करून थांबलो, मागचं चाक गवतात, दगडी कठड्यापासून हातभर. तू किल्ली तीनदा फिरवलीस तेव्हा कुठे इंजिन चालू झालं, आणि वर म्हणालास, "बघ, फुकटात यू-टर्न!" घरी येऊन सांगितलंस, माझा पाय उशिरा निघाला, ताई ओरडली म्हणून वाचलो. तुझ्या बायकोने मला मिठी मारली. आईचं शेजारीपाजारी सांगून झालं. भुंगाने मला कागदाचं पदक करून दिलं. ते मी कपाटात ठेवलंय, आणि ते दिसू नये म्हणून कपाटाचं ते दार मी उघडतच नाही.

चार दिवसांनी मी तुझी गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले, तुला न सांगता. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "तुम्ही वजनमापेवाल्या ना? मग मला काय विचारता?" मग समजावलं. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर छान, पाणी साचलं की अरुंद टायरच्या आधी तरंगायला लागतात. ही जुनी गाडी, सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात नाही. "आणि ताई, ही गाडी नुसत्या जोराने नाही दगा देत. भर वळणात माणूस घाबरतो, पाय काढतो, तिथे दगा देते."

मला पटायला वेळ लागला. शेवटी ऑफिसात दोन काटे एकापुढे एक ठेवले, एक पाय पुढच्यावर, एक मागच्यावर, आणि पुढे झुकले. मागचा आकडा एकतीसवरून अकरावर आला. शिपायाला वाटलं मॅडमना चक्कर आली. एवढंच आहे ते. वळणात पाय काढला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे लटकलेलं ते जड इंजिन बाहेरच्या बाजूला निघून जातं. वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. आत शिरल्यावर पाय स्थिर. काढायचा नाही, दाबायचाही नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. माझ्या डायरीत चोवीस वर्षांत एकही ओळ मी नंतर बदललेली नाही. त्या संध्याकाळची बदलली. आधी लिहिलं होतं, 'तो शांत होता. गाडी रस्ता धरून होती. मला कठडा दिसला, मी ओरडले. त्याने पाय काढला. मग मागचं टोक सुटलं.' हे वाचून मी ते खोडलं आणि क्रम फिरवला, 'मागचं टोक सुटलं, मी ओरडले.' तेच तुम्ही सगळ्यांनी मानलं, आणि मी पदक घेतलं. तुझा पाय उशिरा निघाला नव्हता रे. तो निघायलाच नको होता, आणि तो मी काढायला लावला. मी गप्प राहिले म्हणून तू आता आणखी लवकर काढणार आहेस, आणि शेजारी भुंगा असणार आहे. ते पान फाडून सोबत जोडलंय, खोडलेल्या ओळी वाचता येतात. एवढंच कर. शनिवारी सकाळी मिस्त्रींना घे, मला घे, आणि शीतगृहामागच्या पटांगणात चल. मी शेजारी बसेन आणि प्रत्येक वळणात ओरडेन, पाय काढ म्हणून, मला येतं तेवढ्या जोराने. तुझा पाय जागचा हलायचा थांबेपर्यंत ओरडेन. तो हलत राहिला, तर रविवारी भुंगाला बसने ने. पण वळणात माझं ऐकू नकोस.

तुझीच, अजून घाबरलेली,
ताई