थर्मोस्टॅट नव्हताच

बाबा, गाडीचा टेम्परेचर सेन्सर मी दोनदा बदलला. पहिल्यांदा तो बदलायला हवाच होता. दुसऱ्यांदा बदलला तो तुमच्यामुळे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यात पाणी धरतं हे तुम्हाला माहीत नसणार. डावा डोळा तर तुम्ही असतानाच गेला होता. आता उजव्यात महिन्यातून एकदा इंदूरला जाऊन इंजेक्शन घ्यावं लागतं. तारीख चुकली तर नजर कमी होते आणि कमी झालेली परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. बसमध्ये आईला उलट्या होतात आणि इंजेक्शननंतर डोळ्याला धूळ लागू द्यायची नसते, म्हणून तुमचीच गाडी.

गेल्या खेपेला इंदूरच्या वाटेवर, सांवेरच्या अलीकडे, इंजिनच्या तापमानाचा काटा एकदम लाल रेघेवर गेला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि थांबलो. आई आत बसून म्हणत होती, "अरे, पाइपाला हात लावून बघ ना. हे तसंच करायचे." मी म्हटलं, "आई, काटा लाल आहे." ती म्हणाली, "काट्याला काय कळतं?" तासाभराने चावी फिरवली, काटा तिथेच. पुन्हा थांबलो. शेवटी एका ट्रकवाल्याने येऊन पाइप मुठीत धरला आणि माझ्याकडे बघून हसला. "भैया, ये तो ठंडा पड़ा है। किसका इंतज़ार कर रहे हो?" आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या. पुढच्या सोमवारी या, त्याहून उशीर करू नका, असं खिडकीवरच्या मुलीने सांगितलं.

मी हात का लावला नाही, ते तुम्हाला माहीत आहे. देवास गेटच्या तुमच्या गॅरेजमध्ये मी आठवीत असताना तुम्ही माझा हात धरून एका जीपच्या पाइपावर ठेवला होता. "सांग, चालण्याइतका गरम आहे की थांबण्याइतका?" मी विचारलं, "किती डिग्री?" सगळं गॅरेज हसलं. कोणीतरी ओरडलं, "उस्ताद, लड़का तो डॉक्टर बनेगा आपका!" तुम्ही हसला नाहीत, ते जास्त लागलं. "डिग्री विचारत बसलास तर इंजिन जळून जाईल. हाताला कळलं पाहिजे," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी मात्र फ्रीगंजमधून काचेचा लांब थर्मामीटर आणलात, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, आणि काही न बोलता माझ्या दप्तरावर ठेवलात. शाळा अकरावीत सुटली, थर्मामीटर राहिला. भैरवगढ़च्या कापडछपाईच्या कारखान्यात मी रंगाच्या कढईत तोच घालतो. तिथे कोणी हसत नाही. रंग उतरला तर आख्खं थान वाया जातं.

तर सेन्सर. मंगळवारी कामावरून आल्यावर जुना काढला. त्याची वायर सुटी केली की काटा खाली येत होता, म्हणजे सेन्सर आतून गेलेला होता, यात शंका नाही. नवा आणला, बसवला, कूलंट भरलं, हवा काढली, गाडी चालू केली. काटा खालच्या रेघेला चिकटलेला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, हलायला तयार नाही. बुधवारी तोच सेन्सर घेऊन दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "माल एकदम सही है भैया। गाड़ी ठंडी है, गरम तो आप हो रहे हो।" तरी बदलून दिला. दुसराही तसाच. गुरुवारी तो पुन्हा काढला आणि स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सर आणि तुमचा थर्मामीटर, सेन्सरच्या टोकांना मीटर लावलेला. आई चाचपत आली, पातेल्याला हात लावला.

"हे माझं चहाचं ना?"

"हो."

"आणि यात काय उकडतोयस?"

"सेन्सर."

"शिजला की सांग. साखर घालते."

पाणी तापत गेलं तसा मीटरचा आकडा, उतरायला हवा तसा, बरोबर उतरत गेला. मी दर पाच डिग्रीला लिहून घेतला. सेन्सर खरं बोलत होता. म्हणजे इंजिनच थंड होतं, वीस मिनिटं चालूनही थंड. तेव्हा कुठे मी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं, आणि आत काही नव्हतं. तुम्ही तो काढून टाकला होतात. पंख्याची वायरसुद्धा स्विच सोडून सरळ चावीला जोडलेली होती, म्हणजे पंखा सतत चालू, वर काळी टेप, तुमच्या पद्धतीने तिरकी गुंडाळलेली.

माळव्याच्या उन्हाळ्यात सगळे तेच करायचे, मला ठाऊक आहे. इंजिन तापतच नाही, गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही. पण ही घरची गाडी होती ना? इतकी वर्षं ती हिवाळ्यात खोकत चालू व्हायची, पेट्रोल पीत होती, आणि मी प्लग बदलत होतो, कार्बोरेटर धूत होतो, स्वतःला दोष देत होतो. तुमच्या नटबोल्टच्या डब्यांवर नावं मी लिहायचो. "तुझं शुद्ध असतं, तू लिही," म्हणायचात. मग एक ओळ माझ्याकडून लिहून घेता आली नसती का? थर्मोस्टॅट काढला आहे. तीन शब्द. तुमच्या हाताला कळत होतं, पण तुमचा हात गेला, आणि मागे राहिलेल्यांना काय कळणार याचा विचार तुम्ही केला नाही. दवाखान्यात पडून होतात त्या शेवटच्या आठवड्यातही नाही.

आईला मी फक्त एवढंच म्हटलं की आत थोडं काम आहे. ती लगेच म्हणाली, "ह्यांचं केलेलं काही काढू नकोस हं." नीट दिसत नाही तिला, पण गाडीत बसली की ती डॅशबोर्डवरून हात फिरवते.

शनिवारी मी थर्मोस्टॅट बसवला. तुमची वायर कापली, पंख्याला नवा स्विच लावला. रविवारी भैरवगढ़पर्यंत दोन फेऱ्या मारल्या. सोमवारी काटा मधोमध राहिला. इंदूरच्या गर्दीत अडकलो तेव्हा पंखा आपोआप चालू झाला, आपोआप बंद झाला. इंजेक्शन वेळेवर झालं. नजर जेवढी होती तेवढी आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत येताना डोळ्यावर पट्टी बांधलेली आई म्हणाली, "बघितलंस? ह्यांनी केलेलं अजून चालतंय."

मी "हो" म्हणालो.