तिसऱ्या दातावरचा दोरा

मंगळवार, १२ जानेवारी १९३२
शहाद्याला सुखरूप पोचलो. नंदुरबारला आगगाडीतून उतरलो, टांग्याने तापीच्या काठापर्यंत, नावेने पलीकडे प्रकाशे आणि तिथून बैलगाडीने इथे. अंगावर एवढी धूळ बसली होती की गिरधर आबांनी ओट्यावरूनच विचारले, हाऊ डायवर शे का गिरणीमाईन पीठ दळीसन येल गडी? सगळे हसले, मीही हसलो. असे हसरे मालक मिळायला भाग्य लागते.

शाळा पाचवीपर्यंतच झाली, पण ह्रस्वदीर्घ चुकत नाही. धुळ्याच्या एका गॅरेजात दीड वर्ष मोटार शिकलो. सरकारी परवाना खिशात आहे. आबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला 'सुपडूभाऊ' म्हणाले. मोटार सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली आहे. हिरवा रंग, कापडी टप, रबरी भोंगा. तिच्या शेजारची खोली मला दिली आहे. ताज्या चुन्याचा वास येतो. मला तो आवडतो.

बुधवार, १३ जानेवारी
आज मोटार तपासली. मागाहून घोटाळा नको म्हणून सर्व लिहून ठेवतो. पायाशी क्लच आणि ब्रेक. हातब्रेक बाहेरच्या अंगाला, दातेरी पट्टीत अडकणारा. निदान पाच दात ओढला तरच उतारावर भरवसा धरावा. सुकाणूच्या चाकाखाली दोन दांड्या. उजवी पेट्रोलची, डावी ठिणगीची. ठिणगीची दांडी वर असली की ठिणगी उशिरा पडते, खाली आणली की लवकर. हँडल मारून इंजिन सुरू करताना ती वर, तिच्या दातेरी कड्याच्या वरून मोजून तिसऱ्या दातावर हवी. खाली राहिली तर इंजिन उलटा हिसका देते आणि हँडल माणसाचा हात मोडते. गॅरेजातला मिस्त्री स्वतःचा वाकडा हात दाखवूनच हा धडा देत असे.

म्हणून स्वच्छ अक्षरांत दोन चिठ्ठ्या लिहून खळीने चिकटवल्या. वर 'उशिरा', खाली 'लवकर'.

मोटार धुवायला करमसिंग आहे. मोलगीकडचा, डोंगरातला, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. त्याने चिठ्ठीवरून बोट फिरवले आणि विचारले की भाऊ, ह्या मुंग्या इथे कशाला चिकटवल्या. त्याची स्वतःची खूण निराळीच आहे. तिसऱ्या दाताला त्याने काळातांबडा दोरा बांधला आहे. न बघता बोटाने दोरा चाचपतो, दांडी तिथे आणतो आणि पुढे जाऊन हँडल मारतो. एका फेऱ्यात इंजिन चालू.

मला आज चार फेरे लागले. गारठा फार होता.

मंगळवार, १९ जानेवारी
आबा आणि मालकीण जमनाबाई यांना घेऊन तळोद्याला गेलो. चढावर इंजिन बंद पडले. मोटारीच्या पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने मी सर्व तपासत होतो. करमसिंग मागच्या पायरीवरून उतरला, पेट्रोलच्या नळीला कान लावला, दोनदा फुंकर मारली, आणि मोटार चालू झाली. तो कधी कुणाकडे शिकलेला नाही. आधीचा ड्रायव्हर चालवायचा तेव्हा हा पायरीवर उभा राहून त्याचे हातपाय पाहायचा, तेवढेच त्याचे शिक्षण.

परतताना आबांनी त्याला चालवायला बसवले. मी पायरीवर उभा राहिलो. जमनाबाई मागच्या बाकावर झोपी गेल्या. घरी उतरताना त्या हसून म्हणाल्या की तो चलाडस तवय माले झोप लागस, तू चलाडस तवय माले देव याद येस. आबा म्हणाले, सुपडू, तुले पुस्तक शे, त्याले कान शे.

मला आता 'भाऊ' म्हणत नाहीत, हे लक्षात आले.

गुरुवार, २८ जानेवारी
ओट्यावर सर्वांदेखत आबांनी ठरवून टाकले. महाशिवरात्रीला प्रकाश्याला दर्शनाला जायचे, आणि तिथून पुढे मोटार करमसिंग चालवील. मी धुवायची. नोकरीतून काढणार नाहीत, एवढे उपकार. त्याच्या परवान्याचा अर्ज मात्र मी भरायचा, कारण तुन्हं अक्षर मोत्यासारखं शे.

गडी मला पुस्तक्या म्हणतात. करमसिंग म्हणत नाही. त्याने म्हटले असते तर बरे झाले असते.

बुधवार, ३ फेब्रुवारी
अर्ज भरला. एकही चूक नाही. 'करमसिंग' लिहिताना टाकाचे टोक मोडले.

त्याने घरून आणलेल्या चारोळ्या पळसाच्या पानात बांधून मला दिल्या. म्हणाला की भाऊ, माझं नाव कसं दिसतं ते एकदा दाखव. मी दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला की मुंग्या चांगल्या ओळीत चालल्या आहेत. त्याच्या हातांना मोटारीचा वास येतो. माझ्या हातांना अजून साबणाचाच येतो. मी वास घेऊन पाहिला.

चारोळ्या खाल्ल्या नाहीत.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी
दोरा आज नवव्या दातावर आहे.

शनिवार, ६ फेब्रुवारी
सकाळी आठ वाजता करमसिंगने दोरा चाचपला, दांडी लावली, पुढे जाऊन हँडल मारले. मी अंगणात पाणी भरत होतो. आवाज लाकूड फुटल्यासारखा झाला. कोपराखाली हाड बाहेर आले होते. करमसिंगने पहिल्याने दांडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा तसे पाहिले.

आबा म्हणाले की एवढा हुशार माणूस चुकला कसा. मी सांगितले की वाचता येत नसले म्हणजे असे होते, चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले होते.

त्याला हाड बसवणाऱ्याकडे डोंगरात नेले. मोटार मी चालवली. पायथ्यापर्यंतच रस्ता आहे. पुढे चार जणांनी खाटेवर उचलले.

सोमवार, १५ फेब्रुवारी
शनिवारी निरोप आला. हात काळा पडला, ताप चढला, आणि शुक्रवारी करमसिंग गेला. जमनाबाईंनी दोन दिवस चूल पेटवू दिली नाही. घरच्या माणसासाठी पाळतात तसे. माझ्यासाठी पाळतील का?

हा विचार लिहायला नको होता. पण खोडलेली वही मला आवडत नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
करमसिंगची बायको कालीबाई आली. त्याचे घोंगडे आणि तांब्या घ्यायला. मोटार पाहायची म्हणाली. सुकाणूखाली वाकून तिने दोरा बोटांत धरला आणि तिच्या बोलीत काही बोलली. आबांना कळले नाही. करमसिंगकडून ऐकून मला ती बोली थोडी कळते, म्हणून त्यांनी मला विचारले. मी सांगितले की आठवण म्हणून दोरा मागते आहे.

ती म्हणाली होती की ही गाठ त्याची नाही. तो दोन वेढे देऊन टोक आत घालायचा. ही गाठ गाववाल्याची आहे, दप्तर बांधतात तसली.

तिने दोरा दातांनी सोडला, मुठीत घेतला आणि माझ्याकडे न पाहता गेली. मोटारीवर आता माझ्याखेरीज कुणाची खूण नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी
तिसऱ्या दातावर दोरा आहे. काळातांबडा. दोन वेढे, टोक आत.

गडी खोडी काढत असतील. मी पुस्तक्या ना. तोडून चुलीत टाकला.

रविवार, २१ फेब्रुवारी
पुन्हा आहे. ओला आहे, नुकती मोटार धुतल्यासारखा.

बुधवार, २४ फेब्रुवारी
आज तळोद्याला गेलो. चढ आला. मी पेट्रोलच्या दांडीकडे हात नेण्याआधीच दांडी खाली आली. अगदी हवी तेवढीच. मोटार लोण्यातून गेल्यासारखी वर चढली. मागे पाहिले तर जमनाबाई झोपल्या होत्या.

घरी आल्यावर त्या सर्वांना सांगत होत्या की सुपडूले आते जमनं, थेट करमसिंगसारखं चलाडं. आबांनी पाठीवर थाप मारली. 'सुपडूभाऊ' म्हणाले. ज्यासाठी हे सर्व केले—

ज्यासाठी हे सर्व झाले, असे लिहायचे होते.

ती थाप माझ्या पाठीवर पडली, पण माझी नव्हती. मी घामाने भिजलो होतो, तरी पहिल्याने मनात भीती आली नाही. चीड आली. मेला तरी चालवणारा तोच!

शनिवार, २७ फेब्रुवारी
खात्री करून घेतली. एकटाच होतो, भर दुपारी, गोमाई नदीच्या वळणावर. दोन्ही हात मांडीवर ठेवले. सुकाणू हळूच फिरले, वळण घेतले, सरळ झाले. पुढे शेळ्या होत्या. भोंगा वाजला. रबरावर चार बोटांचे खळगे पडले. मी मोजले. अंगठा बाहेर होता. हँडल मारताना अंगठा बाहेर ठेवायची त्याची सवय होती.

हात उजवाच असावा. मोडला तो.

सोमवार, २९ फेब्रुवारी
मुद्दाम वाईट चालवली. ब्रेक आचके देऊन मारला. चूक झाली तरी माझी असावी. मोटारीने एकही आचका घेतला नाही. पेडल माझ्या बुटाआधी अलगद खाली जाते. खाली कुणाचा तरी अनवाणी पाय आहे. पाहिले तर नाही. बूट ठेवला की आहे. गार आहे.

आबा नव्या सदऱ्याचे कापड देणार आहेत. उत्तम चालवतो म्हणून.

बुधवार, २ मार्च
आबांना सांगून टाकावे असे ठरवून ओट्यापर्यंत गेलो. दोऱ्याचे सर्व सांगावे, नोकरी जाईल, जाऊ दे. आबा पाहुण्यांना सांगत होते की असा डायवर आख्ख्या खान्देशात नही. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिले.

परत आलो. सांगितले तर ते म्हणतील, म्हणजे हेही करमसिंगचंच. नाही सांगणार.

'पुन्हा' यातला 'पु' आज ह्रस्व लिहू की दीर्घ, आठवेना. मी कधी असा अडलो नव्हतो.

शनिवार, ५ मार्च. महाशिवरात्र
प्रकाशे. मंडळी दर्शनाला गेली आहेत. मोटार नावेच्या उतारावर, तोंड तापीकडे. मी बसून आहे. वही सुकाणूवर टेकवली आहे.

आज मी एकट्याने चालवली. सबंध रस्ता. दांडी हलू लागली की मी घट्ट धरून ठेवत होतो. जमनाबाई झोपल्या नाहीत, देवाचे नाव घेत होत्या. चालेल. ते माझे होते.

हातब्रेक मीच ओढला. किती दात ते मोजले नाही. मी मोजले नाही!

जरा वेळाने
पाहिले. एकच दात अडकला आहे. ओढू म्हटले तर दांडा जागचा हलत नाही, माझ्या घामाने हात सटकतो. चाकाला धोंडा लावायचा राहिला. उतरून लावावा—

ठिणगीची दांडी वर गेली. एकटी. दोऱ्यापाशी थांबली.

समोर हँडल फिरते आहे. समोर कुणी नाही. ऊन आहे, माणसे खाली नावेपाशी आहेत, मुले कलिंगड खात आहेत, कुणी इकडे पाहत नाही. एक फेरा. इंजिन चालू.

माझ्या बाजूचे दार उघडले. ओढले नाही कुणी, नुसते उघडून धरले आहे. तो नेहमी असाच थांबायचा. भाऊ, जरा सरक.

मोटार हलली. वीतभर.

ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले आहे. तोच दाबतो आहे. थांबवतो आहे. मला नको आहे त्याने थांबवायला. मी बूट पेडलखाली घातला आहे. वर धरून ठेवले आहे. जोर फार आहे त्याच्या पायात, पण माझा बूट जाड आहे

दोरा मीच बांधना नवव्या दातवर. मीच. ल्हीसन ठेवस. आते तरी जाय

जात नही. दार धरीसन हुभा शे

वाळू लागनी चाकले. पानी दिसस

उतरता येस अजून. उतरनू तं तो बशी, गाडी थांबाडी, काही व्हवाव नही. मंग आबा म्हनतीन, जमनाबाई म्हनतीन, सगळा गाव म्हनी, पाहा, मरीसन बी गाडी वाचाडी ती करमसि—