कोणता वेटर मागता?

रत्नागिरी, १९ डिसेंबर २००४

तीर्थरूप मालिनीताईस धाकट्या दत्तात्रेयाचा दंडवत. इकडे सगळे (म्हणजे मी एकटा) ठीक. चिपळूणच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव.

मुद्दा असा की मी जर्मन शिकतो आहे. हसू नकोस. निवृत्त माणसाचा वेळ जात नाही, दुसरं काही कारण नाही. मास्तर म्हणजे मुकुल नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा. दोन वर्षं पुण्यात राहून आलाय आणि तेवढ्यावर "आमच्या युरोपात" असं बोलतो. भाषाही त्याला शोभेशीच. सूर्य म्हणे बाई आणि चंद्र बुवा! ज्यांना वर बघून एवढं कळत नाही, ते मोटारी कशा बनवतात कोण जाणे.

परवाचा धडा होता समोरच्याला आवडीचं हवामान विचारण्याचा. (हवामान काय खानावळीतली भाजी आहे, आवडेल ती वाढून घ्यायला?) वाक्य असं: ‘वेल्शेस वेटर माग्स्ट डू?’ वेल्शेस म्हणजे कोणतं, वेटर म्हणजे हवामान, माग्स्ट म्हणजे आवडतं, डू म्हणजे तू. माझ्या जोडीला मिरकरवाड्याच्या कुलसुमबी. नवरा अकबर मासेमारीच्या बोटीवर, मुलगा अक्रम जर्मन जहाजावर, म्हणून बाई शिकतात. मी खणखणीत आवाजात विचारलं. बाई म्हणाल्या, "वेटर कशाला मागू, भाऊ? मी काय हॉटेल टाकलंय?" वर्ग हसून लोळला. मुकुलने अर्थ सांगितला. मग बाई म्हणाल्या, "तर मग वादळ. वादळात बोट बंदरात नि माणूस घरात." मुकुल म्हणतो, पुस्तकात चारच आहेत: ऊन, पाऊस, वारा, बर्फ, त्यातलंच काहीतरी आवडून घ्या! ताई, त्या वर्गात इतकं खरं उत्तर कुणी दिलं नसेल, आणि या शहाण्याने ते खोडलं. मी म्हटलं, मला ढगाळ सोडून काहीही चालेल, ढगांनी मोहोर जातो. तेही चूक. शेवटी दोघांनी मुकाट्याने ‘बर्फ’ लिहिलं. (बाईंनी तो मासळीवर पाहिलाय, मी सरबतात.)

गृहपाठ होता, बाहेरच्या कुणाला तरी विचारा. भाट्याच्या किनाऱ्यावर एक गोरा दिसला, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. वाट अडवून मी प्रश्न टाकला. तो दचकला, पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात कोंबली आणि झपझप चालता झाला. त्याला ‘वॉटर’ ऐकू आलं असणार. (पाणी कोमट होतं.) असली ही भाषा, एका माणसाशी धड बोलता येत नाही.

तुझा,
दत्तू

ता. क. नीरजाला यातलं अक्षर सांगू नकोस. जर्मन माणसाशी लग्न केलं म्हणून ज्या बापाने चार वर्षं अबोला धरला, तो आता जर्मन घोकतोय हे कळलं तर हसेल तरी किंवा रडेल तरी.

ता. क. २ अवनी तीन वर्षांची झाली आणि तिला मराठी येत नाही, हे तूच सांगितलंस. दर रविवारी मायलेकी तुला फोन करतात हेही मला ठाऊक आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने तुझ्याकडे येतो. नातीला तो एकच प्रश्न विचारायचाय. ती काय सांगेल ते मला कळायचं नाही, चालेल. फक्त फोन आधी तू उचल. माझा आवाज एकदम कानावर पडला, तर नीरजा ठेवून देईल.