मागच्या दाराचं कुलूप

हुबळी,
दसऱ्यानंतरचा रविवार, २००१

प्रिय संजीव,

काल सकाळी दुकान उघडलं तेव्हा दुर्गदबैलच्या बाजारात झेंडूचे हार अजून रस्त्यावर पडले होते आणि हातगाडीवाले त्यांच्यावरूनच गाड्या ढकलत होते. शनिवार म्हणून मारुतीला तेल वाहून आलो होतो. दिवा लावला, यंत्रावरचा हार उतरवला, टीव्ही चालू केला आणि मांडणीतली पहिली कॅसेट, मोटारींच्या शर्यतीची, सेगाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात बसवली. पडदा काळाच राहिला. दुसरी लावली, तिसरी लावली. यंत्र बदललं, वायर बदलली. जेवायच्या वेळेपर्यंत सगळी मांडणी लावून पाहिली आणि एकाही गेमनं डोळा उघडला नाही. गुरुवारी पूजेला बसलो तोवर सगळ्या चालत होत्या.

खरं सांगतो, त्या काळ्या पडद्याकडे बघताना मनात पहिलं नाव तुझं आलं. मध्ये प्लायवूडची एक भिंत आणि पलीकडे तुझं सीडीचं दुकान. तुझ्या गिऱ्हाइकाची शिंकसुद्धा मला ऐकू येते, आणि तरी आपण भागीदारी मोडून वेगळे झाल्यापासून मी तुझ्याशी एक शब्द बोललेलो नाही. म्हणून हे लिहून कळवतोय. माझी अवस्था तुला वेगळी सांगायला नको. मुंबईहून नवीन कॅसेटी येणं कधीच बंद झालंय. आहेत त्याच भाड्यानं देतो, त्याच परत मांडतो. या गेल्या तर माझं दुकान गेलं. याचा फायदा कुणाला होईल, हे शोधायला मला भिंतीपलीकडे जायची गरज वाटली नाही.

तू धारवाडहून पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. मी अळणावरजवळच्या खेड्यातला, कापडाच्या दुकानात गाठोडी उचलून कंटाळलेला. तू मास्तरांचा मुलगा, काही बिघडलेलं दिसलं की लगेच ते उघडून बसणारा. आपण जागा घेतली आणि न बोलताच कामं वाटली गेली. गिऱ्हाईक आणि देवपूजा माझी, यंत्रांची पोटं तुझी. तुझ्या खिशात अर्धा लाल अर्धा निळा रबर असायचा, शाळेतली पोरं शाई खोडायला वापरतात तो. ब्लेडनं त्याला पाचरीसारखी धार काढायचास, कॅसेटच्या तोंडात घालून आतल्या तांब्याच्या पट्ट्या घासायचास, वर स्पिरिटचा बोळा फिरवायचास. मी विचारलं, हे रोज कशाला? तू म्हणालास, “अण्णा, दात घासता की नाही तुम्ही रोज?”

माझी रीत दुसरी. गेम चालला नाही की पोरं कॅसेटच्या तोंडात फुंकतात, आणि ते मला कधी बघवलं नाही. आमच्या गावच्या शाळेत पाटी थुंकीनं पुसली तर मास्तर दिवसभर उभं करायचे. विद्येला उष्टं लावू नये म्हणायचे. म्हणून ‘कॅसेटमध्ये फुंकू नये’ ही पाटी मी लावली. पोरं अजून तिला हसतात, हसू देत. खंडेनवमीला हुबळीत लेथमशीनपासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी आपल्या कॅसेटींचीही होते. पण त्यांच्या कागदावर काय चित्रं असतात तुला माहीत आहे. शिंगवाले राक्षस, रक्त, अर्धवट कपड्यांतल्या बाया. त्यांच्या कपाळी कुंकू लावायला माझं मन धजेना. मी पहिल्या वर्षापासून कॅसेट उलटी धरून तिच्या तोंडालाच ओलं हळदकुंकू लावत आलो. यंत्राचा श्वास तिथूनच जातो, असं मला वाटायचं. तू तेव्हा एकदाच हसत म्हणालास, “अण्णा, देवाला आत कशाला घालता? वरच बसू द्या की, हवा लागेल.” मी त्या दिवशी जेवलो नाही. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस.

मग तू बेंगळूरहून ते सीडीवर चालणारं राखाडी प्लेस्टेशन घेऊन आलास आणि सगळं बदललं. मी ती सीडी हातात घेतली. वजन नाही, स्क्रू नाही, उघडायला जागा नाही. उलटी केली तर त्यात माझंच तोंड दिसलं. ज्याच्या आत काय आहे ते बघता येत नाही, ते गिऱ्हाइकाला कसं द्यायचं? तुला मी तेव्हाच विचारलं होतं की कंपनीची अस्सल सीडी पाठीकडून काळी असते म्हणतात, मग तुझ्या या सगळ्या चांदीसारख्या कशा? तू म्हणालास, अण्णा, हुबळीत काळी कुणाला परवडते? आणि म्हणालास, जगात सेगाचा खप बघा आणि यांचा बघा, एका कॅसेटीच्या किमतीत ढीगभर सीड्या निघतात, आता कॅसेटीवर कोण बसून राहील? मी म्हणालो, मी बसतो. आठवड्यात सुतार आला आणि मध्ये प्लायवूड उभं राहिलं. मागचा बोळ, वीज मीटर आणि पाण्याचा माठ सामायिक राहिले. माझ्या मागच्या दाराची एक किल्ली तुझ्याकडे होती, ती तुझ्याकडेच राहिली. परत मागायची तर बोलावं लागलं असतं.

त्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मला संशय आला. खंडेनवमीला पूजा करून दुकान बंद केलं की मी दसरा सरल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं तर आत स्पिरिटचा वास. मांडणीवर बारीक लाल चुरा. कॅसेटी जागच्या जागी, पण मी ठेवल्या होत्या तशा नाहीत. एकही गेली नव्हती, आणि तेच मला जास्त खटकलं. जो काही नेत नाही तो कशाला येतो? घरी तुझ्या वहिनीला, यमुनेला सांगितलं तर म्हणाली, उंदीर असतील. मी म्हटलं, उंदीर स्पिरिट पितात का? म्हणाली, “तुमच्या दुकानातले गेम खेळत असतील, मग दमल्यावर घेत असतील थोडी.” तिला हसायला काय जातं.

मग तुझ्या दारावर तो फलक लागला, ‘शंभर जुने गेम एकाच सीडीत’. तुझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या एका पोराला मी विचारलं, त्यात मोटारींची शर्यत आहे का? आहे म्हणाला. लाल गाडीवाली? लाल गाडीवाली. मला सगळं उलगडलं असं वाटलं. तू सणाच्या दिवशी मागून येतोस, माझ्या कॅसेटी उघडून आतला गेम काढून घेतोस आणि आपल्या चांदीच्या थाळीत ओततोस. स्पिरिट कशाला लागतं ते मला कळत नव्हतं, पण तुझी विद्या मला कधीच पूर्ण कळली नाही. पुढच्या वर्षी मी प्रत्येक कॅसेटीवर पूजेच्या अक्षता मोजून नाही, पण नीट रचून ठेवल्या. दसऱ्यानंतर बघतो तर अक्षता एका बाजूला कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेल्या. खाली पडलेल्या नाहीत, झाडून टाकलेल्या नाहीत. त्या पुडीकडे बघून माझा संताप वाढलाच. वाटलं, हा मला चिडवतोय.

यंदा सेगानं यंत्रं बनवणंच सोडल्याची बातमी आली. भिंतीतून मी ऐकलं, तू कुणाला तरी सांगत होतास, “अण्णांच्या कंपनीनं हात टेकले बघ.” त्यात तू हसलास की नाही, हे ठरवण्यात माझे किती दिवस गेले ते विचारू नकोस. जपाला बसलो तरी कान भिंतीला. यमुना एकदा म्हणाली, तुमची माळ फिरते, पण मणी सगळे पलीकडेच जातात. नवरात्र बसायच्या आधी बाजारात जाऊन पितळी, जड, नवं कुलूप आणलं आणि मागच्या दाराला घातलं. जुनं काढून खुंटीवर टांगलं. तुला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या दुपारी सगळी ओळ बंद होती. मी पुढचं शटर आतून ओढून अंधारात स्टुलावर बसलो होतो. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, दिवा बघायला आलोय. मागच्या बोळात तुझ्या चपला ओळखल्या. डावी जरा घासत येते तुझी. किल्ली कुलपात गेली. फिरली नाही. पुन्हा घातलीस. मला वाटलं आता दार ठोकशील, काहीतरी बोलशील. पण तू तसाच परत गेलास. देवासमोर बसल्यावर कधी वाटला नाही असा आनंद मला त्या वेळी झाला, संजीव. पकडला, असं मी मोठ्यानं म्हणालो.

आणि काल सकाळी तो काळा पडदा. क्षणभर करणीचाही विचार मनात येऊन गेला, एवढी माझी मजल गेली. किल्ली लागली नाही म्हणून यानं बाहेरूनच काही केलं, वीज मीटरमध्ये काही केलं, असं म्हणत मी सगळा बोळ तपासला. काही सापडलं नाही. शेवटी मांडणीच ओढून बाजूला केली. भिंतीच्या आणि मांडणीच्या फटीत रबराचा एक तुकडा पडला होता. लाल निळा, ब्लेडनं पाचर काढलेला. तुझ्याशिवाय तशी पाचर कोण काढतो? त्याच्या टोकाला डाग होता. मी उजेडात नेला. शाई नव्हती. हळद होती, आणि हळदीवर कुंकू.

मी खाली बसलो आणि शर्यतीची कॅसेट उलटी धरून तिच्या तोंडात पाहिलं. आजवर कधी पाहिलं नव्हतं, ते तुझं काम होतं. गुरुवारी मी लावलेलं कुंकू पट्ट्यांवर वाळून खपली धरून बसलं होतं आणि कडेनं तांबं हिरवं पडायला लागलं होतं. मग मला त्या लाल चुऱ्याचा अर्थ लागला, स्पिरिटच्या वासाचाही. एकत्र होतो तेव्हाही दरवर्षी तू हेच करत असणार, मला न दाखवता. आणि भिंत घातल्यावरही येत राहिलास. माझ्या कॅसेटी मेल्या असत्या तर माझं सगळं गिऱ्हाईक तुझ्याच दारात आलं असतं. तरी येत राहिलास. अक्षता का पुडीत बांधून ठेवल्यास, हे मी यमुनेला विचारलं. ती म्हणाली, पूजेच्या अक्षता पायाखाली येऊ नयेत म्हणून, एवढंही कळत नाही का तुम्हाला?

पण मी तुझ्यावर खूश आहे असं समजू नकोस. न सांगता दुसऱ्याच्या दुकानात शिरणं मला पटलेलं नाही. एकदा स्पष्ट सांगायचंस. मी एक दिवस जेवलो नसतो, दोन दिवस जेवलो नसतो, तिसऱ्या दिवशी जेवलोच असतो. आणि त्या शंभर गेमच्या सीडीत माझी लाल गाडी कुठून आली, याबद्दलचा माझा संशय तसाच आहे. तो समोर बसून विचारीन.

कालची दुपार आणि आजची सकाळ मी तुझ्या त्या तुकड्यानं कॅसेटी घासत होतो. यमुनेनं औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून दिलं. बऱ्याचशा जाग्या झाल्या. एक बाई मुलाला घेऊन आली होती, तिनं दोन नेल्यासुद्धा. पुढच्या खंडेनवमीला कुंकू मांडणीच्या लाकडाला लावायचं, हे देवासमोर बोलून मोकळा झालोय; देव वर बसला तर त्याला हवा लागेल. शर्यतीची कॅसेट मात्र माझ्या हातानं उठत नाही. पडद्यावर नुसत्या रेघा येतात आणि जातात. माझा हात जड आहे, पाचर नीट बसत नाही.

म्हणून हे पत्र. टपालात टाकत नाही, तुझ्या मागच्या दाराखालून सरकवतोय, सोबत बन्नीची, आपल्या शमीची, चार पानं. दसऱ्याला ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु’ म्हणत अख्ख्या हुबळीत मी पानं वाटली, बन्नी घेऊन सोन्यासारखे राहूया म्हणालो, आणि भिंतीपलीकडे तेवढी दिली नव्हती. शर्यतीची कॅसेट मांडणीत पहिल्याच जागी आहे. तिच्यावर अक्षता ठेवलेल्या नाहीत. आणि तासाभरापूर्वी पितळी कुलूप काढून मी खुंटीवरचं जुनं परत लावलंय. तुझी किल्ली त्याला लागते.

तुझाच,
पुंडलिकअण्णा