सुई टोचली, बरं वाटलं

तीर्थरूप आईस,

वाकून नमस्कार. नुसता लिहिण्यापुरता नाही, आता खरंच वाकता येतंय.

मानेतली गादी सरकल्यापासून हातात जी कळ जायची, ती जवळजवळ थांबली. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी परवा काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई हनुवटी मागे ओढायला लावतात. कारखान्यात कोट शिवता शिवता ते करताना मी रुसलेल्या सासूसारखी दिसते, पण गुण आला. जाड उशी शेजारणीला देऊन टाकली.

बाबांना सांग, त्यांनी बजावलं होतं तशी मान कुणाकडून मोडून घेतलेली नाही. त्यांचा गुडघा कसा आहे? आणि तू अजून मान खाली घालून तासन्‌तास शिवतेस का?

तुला घोर नको म्हणून एक कळवलं नव्हतं. माझी तर्जनी बधिर झाली होती. सुई रुतली तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. काल बटण लावताना टोचली आणि मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की सगळ्यांची मशिनं थांबली. मालकीण धावत आली, तर मी बोट धरून हसतेय.

‘आई गं!’ म्हणाले होते. इथे मराठी कुणालाच येत नाही, त्यामुळे कळलं नाही. म्हटलं, जिला हाक मारली तिला तरी कळवावं.

तुझी,
थोरली